जिन्नाची दोनशे पानं

अहो,

तुमची अंघोळ होईस्तोवर थांबले असते, पण आईंना डोळे दाखवायला यवतला न्यायचंय आन् सातची गाडी गाठायची हाय.

आज तुमचा डबा मुद्दाम भरला न्हाई. भाकरी टोपल्यात हाय, पिठलं तेवढं गरम करून घ्या.

वाचनालयातलं अरबस्तानातल्या जिन्नाचं पुस्तक तुमच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवलंय. आपण दोघं एकच पुस्तक वाचतो म्हणून त्यात खुणा दोन, माझी कॅलेंडरच्या कागदाची आन् तुमची एसटीच्या तिकिटाची. कुरकुंभला कंपनीच्या बसमधून जाता-येता तुमची रोज वीस पानं व्हायची. सोमवारपासून तीन दिवसांत दोनशे झाली. जिन्न कितीबी भारी असू द्या, कामावर गेलेल्या माणसाचं एवढं वाचून होत न्हाई.

दिवसभर कुठं बसता ते विचारत न्हाई. रात्री तुमच्या पाठीला बाम लावताना बाकडं कळतंय. आज घरीच लोडाला टेकून वाचा. आईंना मी काही बोलले न्हाई.

माझं अजून सुरईचं बूचसुद्धा उघडलेलं न्हाई. म्हणून जिन्नाचं पुढं काय झालं ते सांगू नका. बाकीचं सांगितलं तरी चालेल.

रश्मी