ओट्याचा शेवटचा खण

६ फेब्रुवारी

एकदाची आले लेकीकडे. जावयांनी दारातच हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, आई, पाहुण्यासारखं राहायचं नाही, हक्काने भांडायचं. मी म्हटलं, भांडायला आधी घर तरी बघू द्या. भिंगरीने, म्हणजे नातीने, हाताला धरून सगळं घर दाखवलं. सहा वर्षांची आहे. नाव ठेवलं वेगळंच, पण एका जागी टिकत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणतात. माझ्या खोलीच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. बरं वाटलं.

सामानाचा ट्रक संध्याकाळी आला. त्यात ह्यांची गादी बघून लेकीने नाक मुरडलं. म्हणाली, आई, ही रस्त्यावर टाकली तरी कुणी उचलणार नाही, आणि तू ती ट्रकात घालून आणलीस? खोळ मी धुतली आहे, कापसाला उन्हं दाखवली आहेत. उजवी बाजू गेल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत हे त्याच गादीवर होते. टाकायची म्हटलं की ह्यांना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटतं. जावई म्हणाले, राहू दे गं, माळ्यावर ठेवू.

९ फेब्रुवारी

जावयांना घरातच सिनेमाघर करायचं आहे. मागच्या खोलीच्या खिडक्या बुजवल्या, भिंती काळ्या केल्या, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला जाड अस्तर ठोकलं. पुढे एक सोफा, मागे एक. मागच्यांना पुढच्यांची डोकी आड येऊ नयेत म्हणून मागचा सोफा उंचावर. त्या उंचवट्याला जावई प्लॅटफॉर्म म्हणतात, सुतार स्टेज म्हणतो, मी आपली ओटा म्हणते. मी सुचवलं, पुढच्यांना सतरंजीवर बसवा, काम भागेल. लेक हसली. जावई हसले नाहीत. हौसेला मोल नसतं.

सुतार कामाला चांगला आहे, पण तोंडाला खीळ नाही. त्याने मला सगळं समजावलं. आधी लाकडी सांगाडा, त्याचे खण, वर प्लायचे दोन थर, त्यावर गालिचा. खण रिकामे ठेवले तर स्पीकर घुमला की ओटा ढोलासारखा वाजतो, म्हणून प्रत्येक खण गच्च भरायचा. त्यासाठी काचेच्या कापसाची भेंडोळी आली आहेत. किती लागतील ते जावयांनी व्हिडिओ बघून ठरवलं. सुतार म्हणाला, साहेब शिकलेले आहेत, कमीच पडणार.

१२ फेब्रुवारी

कमीच पडला. भिंतीकडचा कोपऱ्यातला शेवटचा खण रिकामा राहिला. लेक-जावई कामावर, आणि सुतार म्हणे, आज झाकलं नाही तर मी पुढच्या आठवड्यात येईन, मला दुसरं घर आहे. मी विचारलं, कापूसच हवा ना? माळ्यावरून गादी काढली. ढेकूण नाहीत ना, म्हणाला. मी म्हटलं, ढेकूण तुझ्या घरी असतील.

गादी मीच उसवली, मीच मूठमूठ दाबून भरली. त्याने वरून प्लाय ठोकला. खूप दिवसांनी छाती हलकी झाली. ह्यांना या घरात जागा मिळाली, तीही सिनेमा बघायला. लेकीला बोलले नाही. झाकली मूठ.

१७ फेब्रुवारी

सगळ्यांनी मिळून पहिला सिनेमा पाहिला. ओटा वाजला नाही. जावयांनी तीनदा विचारलं, वाजला का? लेक म्हणाली, तुम्हीच वाजताय.

दुपारी मी दिवा लावून तिथेच वाचत बसते. वाचायला मी लग्नानंतर शिकले, ह्यांच्या जुन्या वर्तमानपत्रांवरून, त्यामुळे अजून ओठ हलतात. भिंगरी शाळेतून आली की कोपऱ्यातल्या गालिच्यावर पालथी पडून माझ्या ओठांची नक्कल करते. इथे उबदार आहे, म्हणते. मी हात लावून पाहिलं. खरंच ऊब आहे, आणि ह्यांच्या मलमाचा पुसट वास. मला तो आवडला. लिहायला लाज कसली?

२१ फेब्रुवारी

कोपरा ओशट झाला आहे. तळवा ठेवला तर उचलताना चिकटतो. लेकीने विचारलं, आई, दूध सांडलंस का? साबणाच्या पाण्याने पुसला. फडकं पिवळं झालं, आणि पिळलं तेव्हा बोटांमध्ये तार धरली. मलमाच्या वासाखाली आता दुसरा वास आहे, गोडसर. जखम चिघळली की येतो तो. दारापर्यंत येतो. काल जेवताना मला भातातही आला.

२४ फेब्रुवारी

गालिच्याला व्रण पडला आहे. दुसरा शब्द सुचत नाही. मधली लव झडली, कडा लाल आणि सुजलेल्या, आत ओलं पांढरट. वर बारीक, आखूड पांढरे केस उगवले आहेत, दाढीच्या खुंटांसारखे. एक चिमटीत धरून ओढला. निघाला, आणि मुळाशी पाण्याचा थेंब आला.

पडून पडून ह्यांच्या पाठीला असाच व्रण झाला होता. तो मी रोज ह्याच हातांनी धुवायची आणि त्याच हातांनी जेवायची. तेव्हा एकदाही किळस आली नाही. आज मोरीत भडभडून ओकले. कुणाची किळस आली मला? ह्यांची?

२६ फेब्रुवारी

भिंगरी उजवा पाय ओढत चालते. डॉक्टर म्हणाले, काही नाही, खेळताना मुरगळला असेल. त्यांनी तिचं तोंड पाहिलं नाही. पाणी पिताना उजव्या कोपऱ्यातून ओघळतं. ते ओघळणं मी ओळखते. दोन वर्षं ते टिपलं आहे.

आणखी एक. दुपारी व्रण पुसायला बसले तेव्हा माझा उजवा हात लाकडासारखा जड झाला. तेवढा वेळ भिंगरी बाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती, दार उघडं होतं, मी कानांनी ऐकलं. मी उठले, हात हलका झाला, आणि बाहेर ती पडली.

२७ फेब्रुवारी

गालिचा मागे दुमडला, स्क्रू काढून कोपऱ्यातला प्लाय उचलला. कापूस राहिला नाही. गुलाबी, लिबलिबीत, कोमट, सगळ्या खणांतून पसरलेलं. दबलेल्या जागा हळूहळू वर येत होत्या. कूस बदलताना माणूस कण्हतो, तसं काहीसं — शी.

लेकीला सगळं सांगितलं. जावयांनी वाकून पाहिलं, नाक दाबलं, म्हणाले, बाथरूमचं पाणी झिरपलंय, बुरशी आहे. उद्या सकाळी सुतार येऊन सगळं उपसून टाकेल. लेक एवढंच म्हणाली, आई, मला विचारायचं तरी. आणि भिंगरीचा पाय चोळत बसली.

मला कळलं आहे. ह्यांचा जीव गेला, दुखणं गेलं नव्हतं. ते गादीत राहिलं. ते म्हणजे हे नव्हेत. ह्यांनी नातीला ओरखडासुद्धा येऊ दिला नसता. आता त्याला नवं अंग हवं आहे. उद्या ओटा उपसला तेव्हा ते ज्याच्यात असेल त्याच्यातच राहील.

भिंगरीत नाही राहणार.

२७, दुपार

लेक भिंगरीला निजवतेय. प्लाय आणि गालिचा परत जागेवर टाकून मी कोपऱ्यात आडवी झाले. पाठीखाली ओलं. गालिचा मानेला चिकटला. खालून कुणी जीभ फिरवावी तसं — ओकारी गिळली. ये म्हटलं. इकडे ये, मेल्या.

हात गेला. पाय गेला. डाव्या हाताने लिहितेय. लाळ वहीवर.

बाहेर पावलं. धावताहेत. दोन्ही पाय सारखे वाजताहेत. दार नीट लागलं नव्हतं म्हणून ऐकू येतंय. धाव बाई. धाव. उद्या सकाळपर्यंत मी इथेच —

वास तोंडात आला आहे. माझ्याच तोंडाचा. असू दे.

पावलं थांबली. दार —

आजी इथे का निजलीस, म्हणते. नको म्हणायला जीभ वळत नाही. अं अं. हसली. तिला खेळ वाटला. डाव्या हाताने ढकललं. परत आली. कुशीत शिरली. उबदार आहे म्हणते — पाठ त्या ओल्यावर —

उजव्या हाताला मुंग्या.

बोट हललं. नको. मला बरं व्हायचं नाही. माझ्यातच राहा, माझ्यातच —

पेन उजव्या हातात घेतलं. अक्षर सरळ येतंय. भिंगरी बोलायची थांबली. डाव्या हाताने तिला उचलते. तिचा गाल गालिच्याला चिकटलाय, सुटत ना