घाटाचा माईक

नेरे, ३ फेब्रुवारी

चि. शीतलला मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मी गप्प का, ते मामीने सांगितलंच असेल. गेल्या महिन्यात डावा हात लोंबला आणि वाचा बसली. हात परत आला, वाचा नाही. पक्षाघात समजून दवाखान्यात ठेवलं, पण मेंदूचा स्कॅन साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, फंक्शनल आहे, म्हणजे मेंदूला इजा नाही, काम तेवढं अडलंय. गावाने त्याचा अर्थ लावला की हैबतराव नाटक करतुया.

समाचाराला येणारा प्रत्येकजण चहा पितो आणि मला राम राम म्हणून दाखवायला सांगतो. मी तोंड उघडतो, घसा आवळतो. मग तो मामीकडे बघून मान हलवतो. काल तर मी रडलो.

मिसरूड फुटल्यापासून यात्रेत शर्यतीच्या घाटावर बैलगाड्यांचं पुकारणं माझ्याकडे आहे. यंदा कमिटी माईक कैलास नावाच्या नव्या पोराला देणार म्हणते. वाचा गेलेल्यांना बोलतं करणं हा तुझाच पेशा. मी पुन्हा पुकारेन का, एवढं खरं सांग.

तुझा मुका मामा,
हैबतराव

मिरज, ९ फेब्रुवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मामीला फोनवर विचारलं, मामा खोकतात का, हसतात का. ती म्हणाली, व्हय, झोपेत तर लई बडबडत्यात. म्हणजे घसा शाबूत आहे! माईक, भोंगा, वायर सगळं ठीक, बटण तेवढं हाताला लागत नाही. आणि तुम्ही जितकं चाचपाल तितकं ते लपतं. हे नाटक नाही, वेडही नाही. खरा आजार आहे आणि तो बरा होतो. तुम्ही बोलाल. कधी, ते मात्र सांगत नाही.

माझी मैत्रीण निलोफर तुमच्या जवळच सूसला स्पीच थेरपिस्ट आहे, तिच्याकडे जा. मी घरची, मी तुमच्यावर चिडेन. आणि पाहुण्यांना सांगा, चहा प्या, पण मामांना बोलायला लावू नका. त्या परीक्षेनेच घसा जास्त आवळतो.

माया आहेच, ती वाढती ठेवा.
तुमची शीतल

नेरे, १६ मार्च

चि. शीतलला आशीर्वाद.

मामी दारातच बसते. पाहुण्याला आधी दम, मग चहा.

तुझ्या मैत्रिणीने मला या वयात रेडकासारखं हंबरायला लावलं. खोकला लांबवायचा, त्याचा हुंकार करायचा. मला लाज वाटायची. परवा तिने मोबाईलवर दुसऱ्या गावच्या यात्रेतलं कैलासचं पुकारणं लावलं. गाढवाने तानाजीची जोडी कोंडीबाच्या नावावर पुकारली! मी ओरडलो की आरं, ती तानाजीची हाय! निलोफरने टाळी वाजवली नाही, डोळे मोठे केले नाहीत. काही घडलंच नाही असं दाखवून विचारलं, तानाजी कुठला. मी सांगितलं. बैलांची नावंही सांगितली. तेवढ्यात बाहेर मामी रडायला लागली, आपण बोलतोय हे मला कळलं आणि घसा मिटला.

मी हिरमुसलो. निलोफर म्हणाली, आता तुमचा आवाज तुम्ही स्वतः ऐकलात, तो कुठे जात नाही. आता बांधावरून चालताना हुंकारतो आणि त्यावर एकेक शब्द ठेवतो. पाच शब्द निघतात, सहावा अडतो. कमिटी हसते.

अर्धा मुका,
मामा

नेरे, १४ एप्रिल

चि. शीतलला घाटावरून आशीर्वाद!

काल यात्रा झाली. फायनलच्या बारीला कैलासने आपण होऊन माईक माझ्या हातात दिला. पोराचे उपकार विसरणार नाही. सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला आणि माझा घसा आवळला. कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी माणसांकडे बघणं सोडलं, बैलांकडे बघितलं आणि माईकमध्येच हंबरलो. लोक आणखी हसले. हसू दे म्हटलं. हुंकारावर पहिल्या बैलाचं नाव बसलं, त्यामागे दुसऱ्याचं. मग गाडा सुटला आणि भिर्र अशी आरोळी ठोकून मी असा पुकारला की टोप्या हवेत उडाल्या! नाटक म्हणणाऱ्या सरपंचांनी स्वतःचा फेटा उतरवून मला बांधला. मी माईकवरूनच सांगितलं की आजार खरा होता आणि निलोफर मॅडमनी बरा केला. ती गर्दीत कानात बोटं घालून हसत होती.

एखादा शब्द अजून अडतो. अडू दे.

आता पत्र बास. उद्या सकाळी फोन करतो, मोबाईल कानापासून हातभर लांब धर.

तुझा बोलका मामा,
हैबतराव