चतुर्दशीचं पान

प्रिय आबा,

नववी. सातवी नाही. अख्ख्या बाजवा गावात तुम्ही मला सातवी नापास करून ठेवलंत. सुधारायला गेलो की म्हणायचात, नापास तो नापास, इयत्तेनं काय फरक पडतो? पडतो. सातवी नापासाला एवढं मोठं पत्र जमलं नसतं.

लिहायचं कारण म्हणजे काल आईचा फोन आला. मी इकडे आसामात आहे, रिफायनरीच्या शटडाउनच्या कामावर, पाइपांवर ग्राइंडर चालवतो. आई म्हणाली, पितृपक्ष लागला. तुम्हाला अजून वर्ष झालं नाही म्हणून तुमचं पान या खेपेला नाही. पण समा भागातल्या त्या बंगल्यावर तुम्ही चतुर्दशीचं पान ठेवायचात, ते आता कोण ठेवणार? गॅसचा नंबर कोण लावणार असं विचारावं, तसं विचारलं तिनं.

शेजारच्या खाटेवर दुबेजी होते, आमचे फिटर, बिहारचे. मराठी कळत नाही, पण चौदस कळली. कोणाचं पान म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, आमचे आजोबा ज्या बंगल्यावर चौकीदार होते तिथली कामवाली मुलगी, रमिला. तापानं गेली, तीसेक वर्षं झाली.

दुबेजी उठून बसले. म्हणाले, “बुखार वाली की चौदस थोड़े होती है। चौदस उनकी होती है, जिनको मारा गया हो।”

आबा, माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्हाला काही वाटतं का?

आता मी मागचं सगळं जोडत बसलोय. जिग्नेशनं आणि मी भुतांचं चॅनल काढलं, तेव्हा पहिला बंगला तोच धरला. का नाही धरणार? टाकी साफ करायला चढलेला माणूस मागच्या लोखंडी जिन्यावरून पडला, दोन वर्षांनी केबलवाला पडला. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, रमिला ढकलते. बंद बंगल्यात वर्षातून एकदा भर दुपारी खिरीचा वास येतो, गच्चीवर कावळ्यांचा कालवा होतो. जिग्नेशनं वहीत सगळं उतरवलं होतं. दर साली भादव्यातल्या अमावास्येच्या आदल्याच दिवशी. तो म्हणायचा, खून झाल्याशिवाय एवढं भूत होत नाही. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, “ताप आला, गेली. आणि त्या दिवशी दुपारी माझी अर्धी रजा असते, मला काय विचारतोस?”

अर्धी रजा. वा, आबा.

त्या दुपारी आम्ही मागची भिंत चढलो. फोन माझ्या हातात, चालू. जिन्यावरून डोकं वर काढलं तर गच्चीवर पाठमोरं कुणीतरी बसलेलं. पुढ्यात पान, भात, खीर, वडे, बाजूला हिरव्या बांगड्या. जिग्नेश किंचाळला आणि मागे वळला, आणि सडकी पायरी त्याच्या पायाखाली तुटली. खाली पडता पडताही ओरडला, “अल्या, आ तो तारा दादा छे!” त्याचे दादा म्हणजे माझे आजोबा, तुम्ही.

कुठली पायरी सडकी आहे ते तुम्हाला पाठ होतं ना? वर्षानुवर्षं चढत होतात, एवढे लोक पडले, तेही सांगितलं नाहीत कुणाला. बंगल्यावर कुणी चढू नये म्हणून? की विचारलंच नाही कुणी म्हणून? आईचं तसंच. काल म्हटलं, खीर तूच करून द्यायचीस, मला बोलली का नाहीस? तर म्हणते, “विचारलंस कधी?” सगळं घरच असं.

सत्तरी उलटलेले तुम्ही, जिग्नेशला उचलून रिक्षेपर्यंत नेलंत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, “कॅमेरा बंद कर.”

मी बंद केला नाही. संध्याकाळी जिग्नेशच्या पायात सळी घालत होते, आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून व्हिडिओ कापत होतो. ‘बंगल्याचं भूत पकडलं, निघाला आपलाच दादा.’ लोकांनी हसून हसून पुढे पाठवला. तुम्हाला भूतदादा म्हणायला लागले. आठ दिवसांत मालकांच्या मुलानं बघितला आणि तुम्हाला कामावरून काढलं, कुलपं बदलली.

तेव्हा मी तुमच्याशी भांडलो, आठवतं? म्हटलं, तुमच्या येडेपणानं नोकरी गेली, कोणाची कोण ती पोरगी. तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. “तिचं इथे कोणी नाही,” म्हणालात. झालं. भांडणात सुद्धा माणूस पुरा भेटू नये?

पुढच्या साली तुम्ही बंगल्याच्या फाटकाबाहेर पान ठेवलंत. कुत्रं खाऊन गेलं. तुम्ही सायकलीला टेकून उभे होतात, हे मला जिग्नेशनं सांगितलं. तो लंगडत लंगडत तुमच्याजवळ जाऊन उभा राहिला होता. मी नव्हतो. मी घरात झोपलो होतो, रुसून. थंडीत तुम्ही गेलात तेव्हा मी इथे पोचून महिना झाला होता. तिकीट मिळेपर्यंत राखसुद्धा सावडून झाली.

काल रात्री जुना व्हिडिओ काढला. पुरा, न कापलेला. कानात इअरफोन घालून दहा वेळा ऐकला. पाणी सोडताना तुम्ही नाव घेताय. रमिला, मग तिच्या बापाचं नाव, मग गाव, दाहोदच्या पुढचं. मग म्हणता, “पोरी, त्या दिवशी मी फाटकावर...” आणि त्यावर जिग्नेशची किंकाळी.

पुढचं गेलं. आम्ही भूत ऐकायला गेलो होतो, आबा, आणि तुम्ही बोललात तेव्हा आम्हीच ओरडलो.

फाटकावर काय? फाटक तर एकच होतं. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, तुम्हाला दिसलंच असणार. पोलिसांना ताप सांगितलात का? आणि बाजव्याची आपली खोली मालकांनी त्याच साली घेऊन दिली ना? तुम्ही म्हणायचात, इमानदारीचं बक्षीस. त्याच खोलीत मी जन्मलो. आई कालच म्हणाली, छत गळतंय, पैसे पाठव. काय पाठवू? कुठल्या तोंडानं दुरुस्त करू ते छत?

मला तुमचा राग येतो, आणि राग आला की तुम्ही जिग्नेशला उचलून पळताना दिसता. भीती वाटली म्हणून गप्प बसलात, की खोली मिळाली म्हणून? एवढं तरी सांगायचं होतंत. मी सातवी नापास असतो तरी कळलं असतं.

तर ऐका. व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकला. पुरा माझ्याकडे आहे, तो पुसणार नाही. दिवाळीला सुट्टी टाकलीय. जिग्नेशला घेऊन त्या गावी जाईन. बाप नसेल तर भाऊ असेल, कोणीतरी असेल. त्यांना बसवून ऐकवीन, आणि सांगेन की ती तापानं गेली नाही. पुढे पोलिसांत जायचं तर त्यांच्याबरोबर जाईन. मालकांच्या मुलानं खोली मागितली तर देऊन टाकू. आईला अजून बोललो नाही. बोलेन. आपल्या घरात कोणीतरी एकदा न विचारता बोलायला पाहिजे.

तुमचा,
निल्या

ता. क. या वर्षी पान जिग्नेश ठेवणार, फाटकाबाहेर, आणि कुत्र्याला हाकलायला तिथेच उभा राहणार. छताचं काय ते दिवाळीनंतर. आज आईला फक्त रमिलाच्या पानाचे पाठवतोय, पाचशे एक रुपये.