दुपारी गाडी कोण चालू करतं?

७ जानेवारी, मंगळवार

जोलीनचा फोन. हॅलो नाही, कसा आहेस नाही — "बाबा, तू गाडी चालू केलीस?"

मी नुकताच दुपारची झोप काढून उठलेला, कानात मशीन घालतोय, आणि पोटची पोर तिकडे दूर बिस्मार्क शहरात बसून पोलिसासारखी विचारते! म्हटलं, "मी पलंगावर होतो." "मग माझ्या फोनवर 'इग्निशन चालू' असं का आलं?" "ते तुझ्या फोनला विचार!"

गाडी चालू झाली की फोनवर इशारा पाठवणारा हा अलार्म तिनंच बसवून घेतला. नोव्हेंबरात मी गाडी खड्ड्यात घातली म्हणून. लायसन्स डॉक्टरनं काढून घेतलं, किल्ली जोलीननं. गाडी मात्र मागच्या गॅरेजमध्येच आहे, कारण आठवड्यातून एकदा ती फिरली पाहिजे. म्हणून किल्ली समोरच्या मॅव्हिसकडे. दर शनिवारी ती अल्विनाला किराण्याला नेते. माझी गाडी, माझी बायको, आणि चालवणार शेजारीण! अल्विनाला चालवता येत नाही. कधी गरजच पडली नाही. मी होतो ना.

९ जानेवारी, गुरुवार

परत! दुपारची तीच वेळ, तोच निरोप, तोच फोन. "बाबा, खरं सांग." एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. गावातलं अर्धं माणूस मी शाळेत पोचवलंय. आणि आता पोरगी म्हणते खरं सांग.

मार्चमध्ये डॉक्टर पुन्हा तपासणार. तोवर गाडीला हात लावला नाही तर जोलीन माझ्या बाजूनं बोलेल, असं ठरलंय. लावला तर गाडी बिस्मार्कला जाणार. आणि पाठोपाठ मीही. तिनं तिथला एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. "आश्रम नाही रे बाबा, छान खोल्या आहेत." खोल्या छान असल्या म्हणून काय, दार कुणाच्या हातात?

१० जानेवारी, शुक्रवार

उणे बावीस. खिडकीच्या काचेला आतून बर्फ. हायवेवरच्या पंपावर आत्ता सगळी मंडळी कॉफी पीत बसली असतील, पैसे कोणी द्यायचे म्हणून फासे टाकत असतील. चालत जायचं तर नाक गळून पडेल. कुणी न्यायला येतं का? पहिले दोन आठवडे आले. मग त्यांच्याही गाड्या गोठल्या म्हणे.

अलार्मचं पुस्तक वाचून काढलं. थंडीत बॅटरी कमजोर झाली की खोटे इशारे जातात, असं स्पष्ट छापलंय! जोलीनला आधी कळवून बॅटरी तपासली. ठणठणीत. नको तेव्हा ठणठणीत!

कंपनीला फोन केला. बटणं दाबली, गाणं ऐकलं, शेवटी एक मुलगी आली. "सर, तुमची गाडी आत्ता चालू आहे का?" अगं बाई, तेच तर मी तुला विचारतोय!

१४ जानेवारी, मंगळवार

आज परत.

१६ जानेवारी, गुरुवार

आजही. जोलीन या खेपेला ओरडली नाही, हळू आवाजात बोलली. ते जास्त वाईट. "बाबा, तुला आठवत नसेल असं होऊ शकतं का?"

फोन ठेवला. अल्विना स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिला म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी! अलार्म बिघडलाय आणि वेडा मी ठरतोय." ती म्हणाली, "गोळी घेतलीस का?"

१८ जानेवारी, शनिवार

मॅव्हिस अल्विनाला न्यायला आली तेव्हा दारातच अडवलं. "मंगळवारी, गुरुवारी माझी गाडी तू काढतेस?"

हसली ती. "एमिल, मला माझी गाडी आहे."

आहे खरी. जुना पिकअप, हातानं गिअर टाकायचा. उगाच विचारलं. दोघी खिदळत गेल्या. किराणा आणायला एवढं काय हसायचं असतं कोण जाणे.

२१ जानेवारी, मंगळवार

इथं लिहायला हरकत नाही. माझ्याकडे एक किल्ली आहे. गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्यात तळाशी. वापरली नाही, देवाशपथ. नुसती आहे एवढ्यानं बरं वाटतं.

आज सकाळी ती काढली आणि अल्विनाच्या हातात दिली. म्हटलं, "लपव. कुठं ते मला सांगू नकोस." तिनं माझ्याकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं, आणि एप्रनच्या खिशात टाकली. "बरं," म्हणाली.

आता येऊ दे इशारा! माझ्याकडे किल्ली नाही आणि इशारा आला, म्हणजे अलार्मच खोटा. याहून मोठा पुरावा कोणता?

संध्याकाळ — आला! जन्मात पहिल्यांदा जोलीनच्या फोनची वाट बघत होतो. सगळं ऐकवलं तिला. ती म्हणते, "म्हणजे इतके दिवस तुझ्याकडे किल्ली होती?"

हात दाखवून अवलक्षण.

२७ जानेवारी, सोमवार

आज स्टिअरिंगखालची पट्टी उघडली. बसवणाऱ्यानं काय काम केलंय! इग्निशनची तार नुसती गुंडाळून वर चिकटपट्टी मारलेली. सोलली, पिळली, सोल्डरनं डाग दिला. हात इतके गारठले की स्क्रू दातांत धरला आणि तो ओठालाच चिकटला. मध्येच भोंगा सुटला. सगळी आळी जागी. समोरून मॅव्हिस खिडकीत. मी हात हलवला.

तीन महिन्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

२८ जानेवारी, मंगळवार

इशारा नाही! अख्खा दिवस नाही! जोलीनला मीच फोन केला. "बघ, तार होती." ती म्हणाली, "सॉरी बाबा." मी मोठ्या मनानं माफ केलं. बाहेर वादळ, समोरचं घरही दिसत नाही, आणि मी घरात शीळ घालत फिरतोय. अल्विना म्हणते, "पुरे आता, कान किटले."

३० जानेवारी, गुरुवार

आला. तोंडावर आपटलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारी परत आला होता, लिहायचा कंटाळा केला. जोलीन म्हणाली, आता एकदा जरी आला तरी ती येऊन गाडी घेऊन जाईल. आज आला. तिला म्हटलं, मार्चपर्यंत थांब. भीक मागितली, तेच नाव आहे त्याला. शेवटी म्हणाली, "एकच संधी. शेवटची."

तिन्हीसांजेला गॅरेजमध्ये गेलो. इंजिन गोठू नये म्हणून गाडी कायम विजेला जोडलेली असते, भिंतीतून वायर, बंपरमधून बाहेर आलेली प्लगची शेपटी. ती शेपटी तुटलेली. प्लग भिंतीच्या वायरला लोंबतोय आणि गाडीच्या नाकातून नुसत्या तारा बाहेर.

वायर न काढता गाडी बाहेर काढली की असं होतं. दुसऱ्या कशानंही होत नाही.

म्हणजे अलार्म खरा आहे. गाडी जाते. कुणीतरी गाडी बाहेर नेतं आणि परत आणून लावतं. असला सभ्य चोर कुठला?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पंपावर कुणी शेपटी लोंबकळत ठेवून आलं की आम्ही आठवडाभर त्याची टर उडवायचो. एकतीस वर्षांत मी एकदाही तसं केलं नाही. पण ते जागेपणी.

नोव्हेंबरचं. डॉक्टरला सांगितलं सूर्य डोळ्यांवर आला. जोलीनलाही तेच. अल्विनालाही. सूर्य नव्हता. ढग होते. मला आठवतच नाही. धान्याच्या कोठारापाशी वळलो, आणि मग एकदम गवत काचेला टेकलेलं आणि रेडिओ चालू. मधलं काही नाही.

दुपारची गोळी घेतली की तास-दीड तास मी नसतोच. मी तेव्हा कुठं असतो?

११ फेब्रुवारी, मंगळवार

झोपेतून उठलो आणि सरळ मागच्या दारापाशी गेलो. माझे बूट. पायपुसण्यावर, जिथं असतात तिथंच. तळाशी बर्फ वितळून पाणी झालेलं. आत हात घातला — ऊब होती अजून.

सकाळपासून मी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

जोलीनला कळेलच. फोन वाजत होता, उचलला नाही. अल्विना आंघोळीच्या खोलीत होती, तीही धावली नाही. मी तिथंच जमिनीवर बसून राहिलो. बूट मांडीवर घेऊन.

रस्त्यावर पोरं असतात. शाळा सुटते त्याच सुमाराला. मी झोपेत, आणि रस्त्यावर पोरं! मला माझीच भीती वाटते. हे आधी कधी वाटलं नव्हतं, खड्ड्यातून बाहेर काढलं तेव्हाही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जेवण झालं. गोळी हातात घेऊन अल्विनाला म्हटलं, "आजपासून मी झोपलो की खोलीच्या दाराला बाहेरून खुर्ची लाव. मुठीखाली, घट्ट. मी हाका मारल्या तरी काढू नकोस."

"का?"

"मी झोपेत गाडी काढतो. काल उठलो तर माझे बूट ओले. अलार्म खरा आहे. जोलीनला सांग, बिस्मार्कची ती खोली बघायला मी येतो."

ती हातातलं भांडं पुसतच राहिली. पुसून झालं तरी पुसत होती. मग समोर येऊन बसली.

"एमिल, बूट मी घालते. माझ्या बुटांना चेन लावत बसावी लागते."

मला काही कळेना. "कशाला घालतेस?"

"गाडी काढायला."

मंगळवारी आणि गुरुवारी. मॅव्हिस शेजारी बसते. तिच्या पिकअपचे गिअर जमेनात, म्हणून माझी गाडी. कब्रस्तानाच्या रस्त्यानं, तिथं कुणी नसतं. लेखी परीक्षा ख्रिसमसच्या आधीच दिली, किराण्याला म्हणून गेली तेव्हा. शेपटी तिनंच तोडली! "मॅव्हिस ओरडली तोवर तुटली होती," म्हणाली. आणि मी दिलेली किल्ली तिच्या खिशातच. मॅव्हिसला आता किल्ली आणायचीसुद्धा गरज नव्हती!

मी हसायला लागलो ते थांबेना. मग रडलो. तीही रडली. म्हणाली, "तू अलार्मवर ओरडत होतास, मला वाटलं तुझा वेळ चाललाय बरा. तू स्वतःलाच घाबरलायस हे कुठं बोललास?"

"पण मला सांगायला काय झालं होतं?"

"तू शेजारी येऊन बसला असतास."

"मग?"

"मग मी शिकले असते का!"

उद्या तिची परीक्षा आहे, सकाळी, कौंटीच्या ऑफिसात. जोलीनला हे आज कळलं तर आजच गाडी जाईल. म्हणेल, एक बाप कमी होता म्हणून आता आईसुद्धा बर्फात गाडी शिकतेय! उद्यापर्यंत तिचा फोन उचलायचा नाही, तोंड मिटायचं, असं ठरलं. गोळी न घेताच गाढ झोपलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इशारा अपेक्षेप्रमाणे गेला. फोन वाजला.

"बाबा, तू?"

"हो," म्हटलं. "मीच."

मग म्हणाली, "बाबा, मी शनिवारी येते. गाडी नेते." मला लाज वाटली, पण शब्द फिरवला नाही. "ये," म्हटलं. "आईनं कुखन केक केलाय."

दुपारी आळीतून हॉर्न. असा लांबलचक हॉर्न या आळीत मी कधी ऐकला नव्हता. मोजे घालूनच अंगणात धावलो. एकदा चाक फुटपाथला घासलं म्हणे, पण पास! एकाहत्तराव्या वर्षी! लायसन्सच्या फोटोत ती घाबरलेल्या सशासारखी दिसते. मी तसं म्हटलं तर पाठीत धपाटा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जोलीन आली, गाडी न्यायला ट्रक घेऊन. अल्विनानं कुखनच्या ताटलीशेजारी लायसन्स ठेवलं. पोरीचं तोंड उघडंच! आधी आईवर ओरडली, मग माझ्यावर, मग दोघांच्या गळ्यात पडली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू 'मीच' म्हणालास!" ट्रक रिकामा गेला.

सोमवारी अल्विना मला पंपावर सोडणार आहे. फासे मी टाकणार!

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चला तिनंच नेलं. मी उजवीकडे, तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. तोंड मिटून, बहुतेक वेळ. दुपारी कनेफ्लाचं, पिठाच्या गोळ्यांचं सूप. सहज विचारलं, "इतकी वर्षं नाही, आणि आत्ताच कसं सुचलं गं तुला?"

वाढता वाढता म्हणाली, "तू बिस्मार्कला राहायला गेलास की मी भेटायला कशी येणार? बस तर बंद झाली."

जेवण झाल्यावर तिला कागदावर बिस्मार्कचा रस्ता काढून दिला. नदीच्या पुलावर बर्फ दिसत नाही, पण असतो. तिथं ब्रेक दाबू नकोस, म्हटलं.