जपानला आवतन

जानेफळ,
दि. २० जून १९७८

चि. शेषराव यास रंगरावचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. येथील सर्व मंडळी खुशाल आहेत, फक्त तुझं जपान सोडून.

तुझ्या त्या लाल गाडीला आता सगळं गाव जपान म्हणतं, म्हणून मीही तसंच लिहितो. तू दर पत्रात बजावतोस की आठवड्यातून एकदा सुरू करा, आधी चोक ओढा, मग दोन्ही कार्बोरेटरचा आवाज सारखा येतो का ते कान देऊन ऐका. अरे, मला ऐकायला बैल आहेत, तुझी वहिनी आहे. त्यात आणखी दोन कार्बोरेटरची भर कशाला? गेल्या महिन्यात कोंबडी ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालून बसली. वहिनीचं म्हणणं पडलं की पिल्लं निघेपर्यंत तिला कोणी उठवायचं नाही. पिल्लं निघाली तोवर बॅटरी बसली. मेहकरच्या मिस्त्रीला आणलं, तर त्याने बॉनेट उघडून पुष्कळ वेळ आत पाहिलं आणि म्हणाला की अँबेसेडर असती तर काही सांगता आलं असतं.

गाडी इतकी बुटकी की गोठ्याच्या उंबऱ्याला तिचं चेंबर घासून तेल गळायला लागलं. शेवटी सालदार तुळशीरामने कुदळ घेऊन उंबराच फोडला. मी काही त्यात बसून मिरवत नाही. गोठ्यातच सुरू करतो आणि गोठ्यातच बंद करतो. मात्र जरा वेग घेतला की मागच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज येतो, त्याचं काय करायचं ते कळव.

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तू ही गाडी घेऊन घरी आलास, दोन हंगाम माझ्याबरोबर शेती केलीस, बरं वाटलं. टाळं निघालं तसा सहा महिन्यांत येतो म्हणून पुन्हा ठाण्याला गेलास. त्याला आता दोन वर्षं होतील. बैलांच्या जागेवर जपान उभं आहे आणि बैल बाहेर छपरीत. पोळ्याला येतोस का ते लिही. सौ. गीतास व छोटीस आशीर्वाद. लोभ आहे म्हणून हे सगळं चाललं आहे, नाहीतर जपान कधीच भंगारात गेलं असतं.

तुझा,
रंगराव


ठाणे,
दि. ३ जुलै १९७८

ती. दादांच्या चरणी शेषरावचा सा. न. वि. वि. आपलं पत्र मिळालं. मी मोठ्याने वाचलं आणि गीता इतकी हसली की शेजारीण चौकशीला आली.

एक शंका आहे. तो घुमण्याचा आवाज मागच्या चाकाच्या बेअरिंगचा आहे, आणि काटा साठच्या पुढे गेल्याशिवाय तो येत नाही हे मला चांगलं माहीत आहे. आपण तर गाडी गोठ्याबाहेर काढत नाही. मग गोठ्यात साठचा वेग कसा घेतलात ते समजलं नाही.

बातमी अशी की गीता शाळेत कायम झाली. कंपनीकडून आम्हाला ब्लॉकही मिळतो आहे. कारखाना उभारायला आलेल्या जपानी साहेबाकडून मी ती गाडी घेतली तेव्हा एकटा होतो, शर्यतीच्या गाडीची हौस होती, दोन सीटा पुरत होत्या. आता आम्ही तिघं. छोटीला काय टपावर बसवायचं? शिवाय तिचे सुटे भाग मुंबईतही मिळेनासे झालेत. म्हणून विकावी असं ठरवलं आहे. धामणगाव बढे इथले सरकीचे व्यापारी माणिकराव यांच्या मुलाला ती फार दिवस मनात भरली आहे. ते पाहायला येतील, त्यांना दाखवावी. आपला गोठा मोकळा होईल आणि आपला त्रासही वाचेल. वहिनींना नमस्कार. माया असू द्यावी आणि रागवायचं असेल ते पत्रातून रागवावं.

आपला,
शेषराव


जानेफळ,
दि. २१ जुलै १९७८

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी शंका पोहोचली. भाऊ ठाण्याला गेला की वकील होतो, हे माहीत नव्हतं.

पेट्रोल मेहकरलाच मिळतं. ते भरायला गाडी मेहकरलाच न्यावी लागते, आणि घरी येईपर्यंत ते संपत येतं, म्हणून पुन्हा न्यावी लागते. यात माझी हौस कुठे आली? रस्ता चांगला लागला की ती आपोआप पळते. मी नुसता धरून बसतो.

तुझे माणिकराव येऊन गेले. मी एक अक्षर खोटं बोललो नाही. टप गळतो, दुसरा गिअर अडतो, मागच्या स्प्रिंगचा पाटा कुरकुरतो, सुटा भाग हवा तर जपानला जावं लागेल, हे सगळं खरं तेच सांगितलं. जरा सविस्तर सांगितलं एवढंच. ते चहा अर्धा टाकून उठले. गाडी जावी असं मलाच जास्त वाटतं, पण परक्याला फसवून आपल्याला काही विकायचं नाही.

तुझ्या पत्रात एक गोष्ट अर्धवट राहिली आहे. ब्लॉक मिळतो आहे असं लिहिलंस. तो नोकरी आहे तोवर राहायला, की कायमचा आपल्या नावावर, हे लिहिलं नाहीस. तेवढं कळव. तुझी वहिनी विचारते आहे. लोभ कमी झालेला नाही, तूर्त फक्त डोकं तापलं आहे.

तुझा,
रंगराव


ठाणे,
दि. १२ ऑगस्ट १९७८

ती. दादांस सा. न. वि. वि. माणिकरावांचं मला पत्र आलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपण त्यांना असंही सांगितलं की गाडी वाऱ्याने उलटते, आणि जपानी साहेब तिला कंटाळूनच देश सोडून पळाला. दादा, आता मी काय करू? इकडे मी गिऱ्हाईक जमवतो, तिकडे आपण त्याला पिटाळून लावता.

त्यांच्या मुलाची हौस मोठी म्हणून बरं. ते पोळ्याच्या दिवशी, बाजार बंद असतो म्हणून, ड्रायव्हर घेऊन पुन्हा येणार आहेत आणि गाडी घेऊनच जाणार आहेत. हात जोडून सांगतो, त्या दिवशी ती धुऊन, सुरू करून ठेवा आणि आपण काही बोलू नका. वहिनींना बोलू द्या.

छोटीला गोवर आला आहे, त्यामुळे आम्हाला पोळ्याला येणं जमत नाही. ब्लॉकचं सविस्तर मागाहून लिहितो. आपला लोभ असावा, पण त्या दिवसापुरता मुका असावा.

आपला,
शेषराव


जानेफळ,
दि. ५ सप्टेंबर १९७८

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद. वि. वि. छोटी बरी आहे ना? गोवरात वारा लागू देऊ नका.

तू सांगितल्याप्रमाणे मी एक शब्द बोललो नाही. याला साक्षीदार आहेत. जे झालं ते तुळशीरामने केलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते हे तू विसरला नसशील. तुळशीरामने बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली, पळसाच्या पानांनी शेकलं, आणि आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं प्रत्येकाच्या कानाशी म्हणाला. मग हातात हळद उरली आणि समोर बैलांच्या जागेवर जपान. त्याच्या डोक्यात असं आलं की जो दोन वर्षं या दावणीवर उभा आहे त्याला वगळून कसं चालेल. त्याने पुढच्या दोन्ही मडगार्डांना तूप-हळद चोळली आणि त्यालाही रीतसर आवतन दिलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी रागावलो तर तो म्हणाला की मालक, मंग ते का पाव्हनं हाय का, घरचंच हाय ना.

माणिकराव आले तेव्हा बैलांना पुरणपोळी देऊन झाली होती आणि तुझ्या वहिनीने एक पोळी बॉनेटवरही ठेवली होती. तुळशीराम दारात आडवा उभा राहिला. त्याने विचारलं की आवतन देऊन जेवाले घातलेलं दावनीचं धन पोळ्याच्या दिवशी कोनी इकते का. माणिकराव व्यापारी झाले तरी कास्तकाराचेच पोर. त्यांनी ती पिवळी मडगार्डं पाहिली, बॉनेटला हात लावून कपाळाला नेला, आमच्याकडे जेवले आणि गेले. जाताना म्हणाले की आता या गाडीचं नाव काढायला मला भीती वाटते. मी गप्पच होतो.

हळदीचे डाग रॉकेलनेही निघत नाहीत. दिवाळीला आलास की तूच काढ. लोभ धरून असावे.

तुझा,
रंगराव


जानेफळ,
दि. ९ ऑक्टोबर १९७८

चि. शेषरावभाऊजी यांस सत्यभामाचे अनेक आशीर्वाद. हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घ्या.

तुमचं रागाचं पत्र आलं. गाडी म्हणजे बैल नव्हे, तिला खांदा नसतो, तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा करता, असं तुम्ही लिहिलंत. ह्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि भाकरीवरून उठले. दिवसभर माझ्यावर, तुळशीरामवर आणि म्हशीवर ओरडत राहिले.

भाऊजी, तुम्ही हुशार आहात, पण ती गाडी मेहकरला का जाते हे तुम्हाला समजलं नाही. पेट्रोल हे निमित्त आहे. दर रविवारी हे मला शेजारी बसवून मेहकरच्या स्टँडवर नेतात. औरंगाबादकडची एस.टी. येते, माणसं उतरतात. सगळी उतरून झाली की हे म्हणतात की चाल, बॅटरी चार्ज झाली. मी एकदा विचारलं की काऊन येतो आपन इथं. तर म्हणाले की शेषा अचानक आला तर त्याची स्वतःची गाडी असून त्याने दुसऱ्या एस.टी.साठी ताटकळत बसायचं का. मला त्या बुटक्या सीटवरून उठताना कंबर धरते, पण मी जाते. एकटं कसं पाठवू?

ह्यांचा हिशोब असा आहे की जपान गोठ्यात आहे तोवर तुमचे सहा महिने संपलेले नाहीत. गाडी गेली की भाऊ गेला. म्हणून त्या माणिकरावाला सतरा खोड्या सांगितल्या. म्हणून तुळशीरामच्या येडेपणावर वरून रागावले आणि आतून पोळीसारखे फुगले.

तुम्ही कुठे राहावं हे मी सांगणार नाही. गीताची नोकरी आहे, पोरीची शाळा येईल, मला समजतं. पण येणार नसाल तर येणार नाही म्हणून लिहा. मागाहून लिहितो, मागाहून लिहितो, असं करून माणसाला दर रविवारी स्टँडवर उभं करू नका. पोरीला माझा मुका. माया आहे म्हणून टोचून लिहिलं.

तुमची वहिनी,
सत्यभामा


ठाणे,
दि. २० ऑक्टोबर १९७८

ती. दादांच्या चरणी शेषरावचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. हे पाचवं न वाचताच पाकिटात घालतो.

ब्लॉक कायमचा आहे. आमच्या नावावर आहे. ऐन दिवाळीत ताबा मिळतो, त्यामुळे दिवाळीलाही येणं होणार नाही. दादा, आम्ही जानेफळला राहायला परत येणार नाही. सुटीत येऊ, लग्नकार्याला येऊ, पण राहायला नाही. मला शेती आवडली नाही असं नाही. ते दोन हंगाम मला फार आवडले. पण गीताला तिथे तिचं काम नाही, आणि मलाही यंत्राच्या आवाजाशिवाय करमत नाही, हे खरं आहे.

गाडी विका असं आता म्हणणार नाही. ठेवा, द्या, कोंबड्यांच्या नावावर करा. ती आपली आहे. रागवा, चार दिवस बोलू नका, पण नंतर पत्र टाका. आपला लोभ गेला तर मला या ब्लॉकमध्ये झोप लागायची नाही.

आपला,
शेषा


जालना,
दि. १६ नोव्हेंबर १९७८

चि. शेषराव यास अनेक आशीर्वाद. वि. वि. वरचा पत्ता पाहून दचकू नकोस. कोणी आजारी नाही.

तुझं पत्र वाचून मी फार रागावलो. मग वाईट वाटलं, आणि ते रागापेक्षा जास्त दिवस टिकलं. दिवाळी कशीबशी झाली. त्यानंतर एका सकाळी मी गोठ्यात गेलो आणि मला माझीच चीड आली. एवढा मोठा माणूस, आणि भावाला दावणीला बांधायला बघतो, तेही चार चाकांच्या आधाराने. ठरवलं की जपान तुझं आहे, ते तुझ्या दारात नेऊन उभं करायचं. कोंबड्यांच्या नावावर करायला ते रस्त्यावर पडलेलं नाही.

तुझ्या वहिनीला शेजारी बसवलं. तिच्या मांडीवर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, त्यावर ठेच्याची बरणी, त्यावर छोटीचं दुपटं. समोरचं तिला काहीच दिसत नव्हतं, म्हणून ती घाबरली नाही. देऊळगाव राजापर्यंत ट्रकवाले हॉर्न वाजवून हात हलवत होते. जालन्याला मात्र जपान बसलं ते बसलंच. इथे वहिनीची मावसबहीण जनकाबाई राहते, तिच्या दारासमोर लावलं आहे आणि आम्हीही तिच्याकडेच उतरलो आहोत. इथल्या मिस्त्रीला दाखवणार नाही, तो पुन्हा अँबेसेडरची आठवण काढील. हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. तेव्हा रजा काढ आणि ये. सौ. गीताला व छोटीला घेऊन ये.

हे बघ, मी तुला जानेफळला ये म्हणत नाही. ते म्हणायचं मी सोडलं. जालन्याला ये म्हणतो. नकाशा काढून मला सांगू नकोस की जालना म्हणजे काही अर्धा रस्ता नाही. माझ्या वयाला तो अर्ध्याहून जास्त आहे. एवढा मी आलो, उरलेला तू ये. लोभ काय, तो इथे जनकाबाईच्या ओट्यावर बसून तुझी वाट पाहतो आहे.

तुझा,
दादा

ता. क. भाऊजी, सत्यभामाचे आशीर्वाद. गाडीला काहीएक झालेलं नाही. जनकाच्या नातवंडांना बसवून ह्यांनी आजच स्टेशनपर्यंत फेऱ्या मारल्या. तुम्ही मात्र ती बिघडली आहे असं समजूनच या.