सहीवाचून अडलेला रिपोर्ट

२४ जाने., शनिवार
आय.सी.यू. बेड ४ ची रक्ताच्या कल्चरची बाटली सकाळी पॉझिटिव्ह झाली, म्हणजे रक्तात जंतू आहेत. सुनंदा, राळेगावकडची, बाळंतपणानंतरचा ताप, व्हेंटिलेटरवर. आमच्या लॅबच्या नव्या मशीनवर लावलं. सव्वा तासात जंतू कोणता ते कळलं, अन् चालू औषध त्याच्यावर चालत नाही हेही. आधी यालेच दोन-तीन दिवस लागत. ११.४० ला प्रिंट हातात! पण रिपोर्टवर सही करणारे लॅबचे सर सुट्ट्या जोडून नागपूरला. फोन उचलत नाहीत. वर आय.सी.यू.त फोन केला, तर ड्युटीवरची डॉक्टर पोरगी म्हणे, सहीचा रिपोर्ट आणा, मागे तोंडी ऐकून औषध बदललं तर मेमो भेटला मले. डोस्कंच फिरलं माझं.

२५, रवि.
सुनंदाचं बी.पी. आणखी उतरलं. सरांचा मेसेज: मंगळवारी बघू. बघू म्हणे! तासाभरात सांगणारी मशीन कायले घेतली मंग, फीत कापाले?
दुपारी बिनसहीची प्रिंट घेऊन मीच वर गेली. म्हटलं, केसपेपरवर माझं नाव लिही, काही झालं तर मी पाहून घेईन. पोरीनं वाचलं, माझं नाव लिहिलं अन् औषध बदललं. तोवर साडेतीन झाले. म्हणजे अख्खा दिवस वाया, वर चार तास.

२६
झेंडावंदन. भाषणात मशीनचं कौतुक. मी टाळ्या वाजवल्या नाही.
सुनंदाचा ताप थोडा कमी. लघवी बंद, डायलिसिस लावलं. आधी बदललं असतं तर... जाऊ दे. नाही, कायले जाऊ दे?

२७, मंगळ.
सर आले. मले मेमो, अधिकार नसताना रिपोर्ट दिला म्हणून. परवापर्यंत खुलासा द्या. मग केबिनचं दार लावून, हळूच: "आजच्या तारखेची नवीन प्रिंट काढ, मी सही करतो, उशीर दिसणार नाही. जुनी फाडून टाक."
काढली नाही. फाडलीही नाही. 

२८, बुध.
सुनंदा अजून शुद्धीवर नाही. तिचा नवरा लॅबच्या खिडकीशी आला. मशीन बिघडली होती असं सरांनी त्याले सांगतलं म्हणे.
"खरं हाय का ताई?"
सर मागेच उभे. मी म्हटलं, "नाही भाऊ. मशीन चांगली होती. शनिवारीच सांगतलं तिनं."
 तो म्हणाला, "मंग औषध काहून नाही देल्लं?"
सरांनी आत बोलावलं, मी हलली नाही.  नवरा उद्या दहाले परत येतो म्हणून गेला. खुलासाही उद्याच द्यायचा आहे.