डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाविषयी

काळाचौकी,
ऑक्टोबरातला शेवटचा सोमवार

तीर्थरूप बुधाजीमामा यांस,

विनीतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि गाभण म्हैस या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावे. (मागच्या पत्रात म्हशीचं विचारायचं राहिलं म्हणून मामी रागावल्या असं कानावर आलं.) इकडे सर्व क्षेम. तुमची बहीण, म्हणजे माझी आई, ठणठणीत आहे, इतकी की सध्या घरात आम्ही तिच्या मर्जीने राहतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्हाला रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यावर, आणि इथे आई स्पीकर चालू केल्याशिवाय कोणाला बोलू देत नाही. विषय तिच्याच दैवताचा असल्यामुळे पत्र बरं.

माझा शाळेपासूनचा दोस्त रॉयस्टन तुम्हाला आठवत असेल. भायखळ्याचा, एका मे महिन्यात माझ्याबरोबर गावी आला होता आणि तुमच्या कोंबड्याला घाबरून माडावर चढायला निघाला होता तो. त्याचं आता भायखळ्यालाच गाड्यांच्या चाकांचं दुकान आहे. धंदा उत्तम, स्वभाव सोन्यासारखा, फक्त लग्नाच्या बाबतीत तो ऐनवेळी माघार घेतो. दोनदा साखरपुडा झाला आणि दोनदा मोडला. पहिल्या खेपेला हॉलचे पंखे आवाज करतात म्हणून, आणि दुसऱ्या खेपेला केकवरचा नवरा आपल्यापेक्षा उंच आहे म्हणून. त्याला लग्न नको असतं असं नाही, मामा. घाबरतो, आणि घाबरला की निमित्त शोधतो. त्याची आई, डोरिस आंटी, या दोन लग्नांपायी अर्धी झाली. आता व्हेनेसा नावाच्या फार चांगल्या मुलीशी जमलंय आणि येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी चर्चमध्ये लग्न आहे. या खेपेला तो चक्क उत्साहात आहे, आणि त्या उत्साहाचं कारण (व्हेनेसाने हे वाचू नये) माझ्या गाडीची चाकं.

झालं असं की नवरदेवाला चर्चला आणि नंतर जोडप्याला हॉलला न्यायला माझीच जुनी पांढरी गाडी हवी असं त्याने जाहीर केलं आणि आपल्या दुकानातली चार अ‍ॅलॉय व्हील्स तिला स्वतःच्या हाताने बसवली. ही चाकं लोखंडाची नसतात. अ‍ॅल्युमिनियम वितळवून, त्यात आणखी काय काय मिसळून साच्यात ओततात आणि अख्खं चाक एका तुकड्यात बाहेर येतं. वजनाला हलकं, ब्रेक थंड राहतात, आणि दिसायला म्हणाल तर पाच पाकळ्यांचं फूल. रॉयस्टन यावर तासभर बोलू शकतो आणि बोलला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि अ‍ॅल्युमिनियम म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन चारही चाकं राख आणि काथ्याने घासली, जशी आपण पातेली घासतो. वरचं पॉलिश गेलं. रॉयस्टन पाहायला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आईने हातावर गरम घावणे ठेवल्यामुळे त्याला रडता आलं नाही.

मग गणपती आले. आमच्या मंडळाचा या वर्षीचा देखावा होता सूर्याचा रथ. सजावटीचा प्रमुख हितेंद्र. (हा दिवसा विम्याच्या ऑफिसात असतो आणि संध्याकाळी कलावंत असतो.) त्याने थर्माकोलचे सात घोडे केले, आणि चाकासाठी थेट माझ्याकडे आला. मी म्हटलं, चारही ने. तर म्हणाला, सूर्याच्या रथाला एकच चाक असतं, पुराणात आहे. मला वाटलं, एक तर एक. डाव्या बाजूचं पुढचं चाक त्याने काढून नेलं, टायरला सोनेरी कागद गुंडाळला आणि मूर्तीच्या पायाशी उभं केलं. गाडी बिचारी तीन चाकं आणि एका बाजूला विटांची चळत अशी गल्लीत बसून राहिली. जाणारा येणारा मला विचारायचा, चोरी झाली का रे. मी सांगायचो, नाही, सूर्याकडे आहे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या अजितच्या उचकीमुळे. या अजितला पहिल्या पावसापासून उचकी लागलेली. डॉक्टर झाले, साखर झाली, पाठीमागून येऊन घाबरवणं झालं (त्यात त्याच्या सासऱ्यांनाच चक्कर आली), उचकी थांबेना. आरतीला तो पुढे उभा होता. फोकसचा उजेड चाकावर पडला, तिथून त्याच्या डोळ्यांवर आला आणि उचकी बंद. माझ्या मते तो फक्त दचकला. पण आई शेजारीच होती. तिने तिथल्या तिथे हात जोडले आणि चाक जागृत असल्याचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी बायका हळदकुंकू घेऊन आल्या. अनुभवाने असं ठरलं की चाक मोठ्या गोष्टींत पडत नाही. नोकरी, कोर्टकचेरी, मूलबाळ यासाठी बाप्पा आहेतच. चाक उचकी, हरवलेला रिमोट, कुकरची न होणारी शिट्टी आणि उसवलेला ब्लाऊज एवढंच बघतं, पण बघतं म्हणजे बघतंच.

विसर्जन झालं, हितेंद्र चाक घेऊन दारात आला, तर आईने त्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाला पाणी घातलं आणि टीव्हीखाली पाटावर बसवलं. तिच्या लक्षात आणखी एक आलं. नटांची जी पाच भोकं असतात त्यांत सुपारी अशी बरोब्बर बसते की जणू कारखान्यात तेवढ्यासाठीच पाडली असावीत. झाली पाच सुपाऱ्यांची स्थापना, आणि मधल्या भोकात झेंडू. मी हळूच म्हटलं, आई, रॉयस्टनचं लग्न आहे, चाक गाडीला लावायला लागेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी अजितसारखा दचकलो. "देवाक रस्त्यार फिरवतलंस? कुत्रे चाकार पाय वर करतत, म्हायती आसा मां तुका?" कुत्र्यांचं खरंच आहे, करतातच. माझी बायको रश्मी पहिल्या दिवशी माझ्या बाजूने होती, पण मग तिला नथीचा हरवलेला फासा मिळाला आणि मी घरात एकटा पडलो.

तुम्ही म्हणाल, दुसरं चाक घ्या. त्या नमुन्याचं यायचं बंद झालंय, आणि तीन एकसारखी नि एक वेगळं अशी गाडी रॉयस्टनने पाहिली की संपलं, निमित्त मिळालं. डोरिस आंटीला हे मुलापेक्षा चांगलं कळतं. ती आधी वांद्र्याच्या डोंगरावरच्या माउलीच्या चर्चमध्ये नवस बोलायला गेली. तिथे जे हवं ते मेणाचं घेऊन वाहतात. मेणाचं घर मिळतं, हात मिळतो, गाडी मिळते, पण सुटं चाक मिळत नाही. तिने अख्खी गाडी घेतली, बाकावर बसून सुरीने चाक कापलं, ते वाहिलं आणि उरलेली गाडी परत आणली. (तीन चाकांची ती मेणाची गाडी बघून मला फार वाईट वाटलं, अगदी आपली वाटली.) मग काल ती आमच्याकडे आली. पाटासमोर बसली. डोकं पदराने झाकलं. मला वाटलं आता दोघींचं वाजणार. तिने पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली, चाकापुढे ठेवली, वर सुपारी ठेवली आणि म्हणाली, "शेवंतीबाय, तुमच्यात पहिली पत्रिका देवाला ना? मग हा माझ्या रॉयस्टनच्या लग्नाला आला पाहिजे. आई म्हणून बोलवते."  आई डोळे पुसून म्हणाली की बोलावलंय तर जायलाच हवं, आणि एवढ्या लांब देव चालत थोडाच जाणार. गाडीला लावा.

तेव्हा काळजीचं कारण उरलेलं नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून हे लिहिलं. मामींना नमस्कार, म्हशीला सांभाळावे.

तुमचा भाचा,
विनीत

ता. क. एक बारीकशी अडचण आहे. आईने अट घातलीय की चाकाला जो हात लावेल त्याने वर्षानुवर्षं मासळीला शिवलेलं नसावं. आमच्या गल्लीत असं कोण सापडणार? दोघं सापडले. एक किराणावाले काका, त्यांना जॅक म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि दुसरं अजितच्या घरचं मांजर. (हे खरं आहे, ते फक्त बिस्किटं खातं.) रॉयस्टनचं तर नावच काढू नका, तो सुकट खिशात ठेवतो. आपल्या अख्ख्या घराण्यात गळ्यात माळ आणि एसटीच्या डेपोत चाकं बदलण्यात हयात गेलेली, असे तुम्ही एकटेच. पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघा. पाना स्वतःचा आणा, इथल्या सगळ्या पान्यांना बोंबलाचा वास आहे असं आईचं म्हणणं आहे.

ता. क. दुसरी अट आत्ताच कळली. देवाची स्वारी पुढेच जाते, मागे येत नाही, म्हणून चाक लावल्यावर गाडी रिव्हर्समध्ये घालायची नाही. चर्चची गल्ली पुढे बंद आहे, रिव्हर्स घेतल्याशिवाय तिथून कोणाची गाडी बाहेर पडत नाही. नवरानवरीला हॉलपर्यंत मिरवत चालत न्यावं लागणार, गाडी कुठवर तिथे राहील ते देवालाच माहीत. डोरिस आंटी तर हे ऐकून खुर्चीतच बसली, आता हा नक्की माघार घेणार म्हणून. मी घाबरत घाबरत रॉयस्टनला फोन केला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, बरंच झालं रे, मला या वेळी रिव्हर्स नकोच होता.